आठ तोंडांचं कार्ड आणि आपली नावं



बडोद्याबद्दल इथे पुष्कळ लिहून झालंय. राजवाडा, संगीत शाळा, आखाडे, दांडिया बाजारातले गणपती, कलाभवन. वाचताना मलाही बरं वाटतं. पण आज मी ज्या वस्तूबद्दल लिहिणार आहे, ती फारशी कुणाच्या आठवणीत असेल असं वाटत नाही. वीतभर लांब, हिरवं, काळ्या चिपांनी भरलेलं एक कार्ड. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं आणि त्याच्या मागून आठ तारा काढायच्या. त्याचं नाव मल्टिपोर्ट सिरियल कार्ड. आम्ही दुकानात त्याला 'आठ तोंडांचं कार्ड' म्हणायचो.

मी बडोद्याचा, पाचव्या पिढीचा. शिक्षण कलाभवनात, नोकरी रावपुऱ्यातल्या एका छोट्या कॉम्प्युटर विक्रेत्याकडे, सर्व्हिस इंजिनिअर म्हणून. १९८९ ते १९९८ या काळात हे कार्ड बसवणं आणि त्याचा ड्रायव्हर चालू करणं हे माझं मुख्य काम होतं. त्या कामातून आपल्या नावांबद्दल मला जे कळलं, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

चोपड्यापासून सुरुवात

आधी थोडा मागचा इतिहास. १८८९ साली भाऊसाहेब कवठेकरांनी, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी, पुढाकार घेऊन बडोद्यात 'अन्योन्य सहायकारी मंडळी' काढली. देशातली ही पहिली सहकारी पतसंस्था मानली जाते. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ साली. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षं आधी आपल्या मराठी माणसांनी इथे एकमेकांना अडीनडीला उभं राहायची व्यवस्था केली होती. बँक ऑफ बरोडा निघाली त्यानंतर, १९०८ साली.

हाच शिरस्ता पुढे चालला. प्रत्येक पेठेत, प्रत्येक ज्ञातीत, कचेरीत एखादी मंडळी किंवा पतपेढी असायची. तिचे चोपडे बाळबोधीत किंवा गुजरातीत. लिहिणारा जसा, तशी लिपी. एकाच पानावर वर मराठी नाव देवनागरीत आणि खाली गुजराती नाव गुजरातीत, असे चोपडे मी स्वतः हाताळलेत. सयाजीराव महाराजांच्या राज्यात हे काही विशेष नव्हतं. महाराजांनी तर राज्यकारभारातल्या शब्दांचा 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा अनेक भाषांचा कोश करवून घेतला होता, तो १९३१ साली निघाला. दोन लिप्या शेजारी नांदणं हा इथला रोजचा व्यवहार होता. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० साली गुजरात झाला, तरी पेठेतल्या पतपेढीचा चोपडा तसाच राहिला.

या चोपड्यात नाव कधी चुकत नसे. काळे म्हणजे काळे, काणे म्हणजे काणे.

मग कॉम्प्युटर आला

१९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि भारतीय बँक संघ यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ साली रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. मोठ्या बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसायला लागली. हैदराबादच्या मंडळींना त्या आधीपासूनचं ईसीआयएल आठवत असेल. आमच्या बडोद्यातही ओआरजी सिस्टिम्स युनिक्सवर चालणारी मोठी यंत्रं तयार करत होती. पण पेठेतल्या पतपेढीला हे सगळं परवडण्यासारखं नव्हतं. तिने काय करावं?

बहुतेकांनी बाहेरून काम करून घ्यायला सुरुवात केली. वर्षाच्या शेवटी चोपडे एखाद्या डेटा एंट्रीवाल्याकडे द्यायचे, तो लाभांशाची यादी छापून द्यायचा. अर्थात इंग्रजीत. आणि तिथे नावांची वाट लागली.

काणे आणि काने एकच झाले. गोळे आणि गोले एकच. बाळ, बाल आणि बल हे तिघेही एकाच स्पेलिंगात राहायला गेले. दाते आडनावाची तर गंमतच झाली. यादीत पहिल्या रकान्याचं शीर्षक 'डेट', म्हणजे तारीख, आणि खाली नावांच्या रकान्यात पुन्हा चार अक्षरं तीच. ऑडिटर विचारायचे, "इथे तारीख का छापली आहे?"

हसण्यासारखं वाटतं, पण लाभांशाची वॉरंटं चुकीच्या घरी जायची. एका पतपेढीत दोन विधवा बायकांच्या ठेवी, दोघींची नावं इंग्रजीत अगदी सारखी. चोपड्यात एक काणे, एक काने. एकीच्या नावावरची रक्कम दुसरीच्या खात्यात गेली. ती परत मिळायला आठ महिने लागले, आणि मिळाली तीही जुना चोपडा काढून दाखवल्यावर. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना याचा दुसरा प्रकार माहीत असेल. तिथे हिंदी यादीत काळ्यांचं 'काले' होतं. बडोद्यात निदान एक बरं होतं. गुजरातीतही ळ आहे, त्यामुळे आमचं दुखणं गुजराती शेजाऱ्यांनाही सांगावं लागत नसे. त्यांच्याही नावातला ळ इंग्रजीत हरवलेला असायचा.

एका यंत्रावर सहा माणसं

आता कार्डाकडे येतो. १९९० च्या आसपास ३८६ प्रोसेसरचा पीसी आणि त्यावर एससीओ कंपनीचं युनिक्स, ही जोडी छोट्या संस्थांच्या आवाक्यात आली. पीसी एकच घ्यायचा. बाकी काउंटरवर नुसती टर्मिनल्स ठेवायची. टर्मिनल म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, स्वतःचं डोकं नसलेला. सगळं काम आतल्या खोलीतला पीसी करणार. सहा पीसी घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडे.

अडचण अशी, की पीसीला सिरियल पोर्ट असायची दोनच. म्हणून हे कार्ड. अमेरिकेतली डिजिबोर्ड, ऑस्ट्रेलियातली स्टॅलियन, ब्रिटनमधली स्पेशलिक्स अशा कंपन्या ती करायच्या. चार, आठ, सोळा पोर्टांची.

कार्ड दोन जातींचं असे. साध्या कार्डावर नुसत्या सिरियल चिपा असत. प्रत्येक अक्षर आलं की ते पीसीच्या प्रोसेसरला हाक मारणार. याला इंटरप्ट म्हणतात. ९६०० बॉडच्या वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं होतात. आठही तारा भरून वाहिल्या तर सेकंदाला साडेसात हजारांहून जास्त हाका. बिचारा ३८६ हाकांना ओ देण्यातच दमून जायचा. हुशार कार्डावर स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी असे. ते अक्षरं गोळा करून ठेवायचं आणि एकदम सुपूर्द करायचं. फरक टपाल्यासारखा. एक जण प्रत्येक पत्राला दार वाजवतो, दुसरा दिवसाची टपाल एकदम आणून देतो.

बसवायची पद्धत सांगतो, कारण आज ती कुणी करत नाही. आधी कार्डावरचे बारीक पांढरे स्विच सुईने किंवा पेनच्या टोकाने सरकवून त्याचा पत्ता ठरवायचा. मग इंटरप्टचा नंबर. पीसीच्या पहिल्या सिरियल पोर्टाचा ४, दुसऱ्याचा ३, प्रिंटरचा ७, फ्लॉपीचा ६. हे सोडून जो मोकळा असेल तो. दोघांना एकच नंबर दिला तर दोघेही गप्प बसतात आणि यंत्र काही सांगत नाही. हुशार कार्डाला वर मेमरीची एक खिडकी लागते. तिथे आधीच बायॉसची सावली पडलेली असेल तर ती सेटअपमध्ये जाऊन बंद करायची.

मग ड्रायव्हर. तो फ्लॉपीवर यायचा. आजच्यासारखं 'पुढे, पुढे, पूर्ण' असं काही नव्हतं. फ्लॉपीवरचा ड्रायव्हर हा नुसता एक तुकडा. तो युनिक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा आणि कर्नल नव्याने बांधायचा. पत्ता, इंटरप्ट, खिडकी हे सगळं त्या वेळी हाताने सांगायचं आणि ते कार्डावरच्या स्विचांशी जुळलं पाहिजे. बांधायला काही मिनिटं लागत. जुना कर्नल वेगळ्या नावाने ठेवून द्यायचा, कारण नवा उठला नाही तर त्याच्यावरच परत यावं लागे. मग यंत्र बंद करून चालू करायचं आणि पडद्याकडे बघत बसायचं. सुरू होताना ओळी सरकत जात. त्यात आपल्या कार्डाची ओळ आली, पुढे पत्ता आणि 'आठ पोर्ट' असं दिसलं, की जीव भांड्यात पडायचा.

त्यानंतर प्रत्येक पोर्टाला नाव द्यायचं, ते चालू करायचं आणि त्यावर 'गेटी' नावाचा पहारेकरी बसवायचा. तो टर्मिनलवर 'लॉगिन' हा शब्द दाखवतो आणि माणसाची वाट बघतो. तारेचा वेग किती, एका अक्षराला किती बिट, पॅरिटी आहे की नाही, हे तो एका तक्त्यातून वाचतो. हा तक्ता लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

देवनागरी टर्मिनल

१९९२ सालच्या शेवटी जुन्या शहरातल्या एका पतपेढीचं काम आमच्याकडे आलं. सभासद निम्मे मराठी, निम्मे गुजराती. सेक्रेटरी होते एक निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. काकांची एकच अट. "अरे, हिशेब कुठल्याही भाषेत कर. पण नाव माणसाच्या भाषेत पाहिजे."

तोवर ते शक्य झालं होतं. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जिस्ट' नावाचं तंत्र केलं होतं. पुण्यात १९८८ साली सी-डॅक निघाल्यावर ते काम तिथे गेलं. जिस्ट टर्मिनल साध्या टर्मिनलसारखंच सिरियल तारेवर चालायचं, पण देवनागरी, गुजराती आणि इतर भारतीय लिप्या दाखवायचं. त्यामागचं मानक म्हणजे 'इस्की', भारतीय मानक १३१९४, साल १९९१. त्यातली युक्ती मला आजही थोर वाटते. क ला सगळ्या लिप्यांत एकच क्रमांक, १७९. ळ ला २१०. फाइलमध्ये साठवतात ते नुसते क्रमांक. लिपी बदलायची कळ दाबली की तीच फाइल गुजरातीत दिसते. कीबोर्डही एकच, इनस्क्रिप्ट. ल आणि ळ एकाच कळीवर, ळ शिफ्ट दाबून. मराठी ताई आणि गुजराती बेन एकाच कळांवर टाइप करणार. बडोद्यासाठी याहून चांगलं काय असणार?

पण कार्यकारिणीत दोन मतं होती. जिस्ट टर्मिनल साध्यापेक्षा महाग. काही जणांचं म्हणणं, इंग्रजीत भरा, चालतंय तसं चालू द्या. शेवटी ठरलं असं, की चार जिस्ट टर्मिनल्स चाचणीला घ्यायची. ३१ मार्चच्या आत सभासदांची पूर्ण यादी मराठी आणि गुजरातीत छापून दाखवायची. जमलं तर ठेवायची, नाही तर परत करायची आणि नावं इंग्रजीत भरून टाकायची. काका मला जिन्यात म्हणाले, "एकदा इंग्रजीत भरली ना, की पुन्हा कुणी फिरून भरणार नाही बघ." ते खरंच होतं. तोवर मी पाहिलेल्या एकाही संस्थेने तसं केलं नव्हतं.

काळे यांचं काय झालं

कार्ड बसलं, ड्रायव्हर जोडला, आठ पोर्टांची ओळ दिसली. तारा टाकल्या. तीनच तारा, पाठवायची, घ्यायची आणि जमिनीची. टर्मिनलवर 'लॉगिन' आलं. ताईंनी पहिलं नाव टाइप केलं, काळे.

पडद्यावर आलं ते असं. आधी इंग्रजी तीनचा आकडा, मग इंग्रजी झेड आणि मग स्वच्छ मराठीत 'ळे'.

शेजारच्या बेन वाकून बघत म्हणाल्या, "आ कोण छे? आपणा खातामां आवो कोई सभासद नथी!" सगळे हसले. काका हसले नाहीत.

गोळे टाइप केलं. इंग्रजी पाच, लहान ई आणि पुन्हा 'ळे'. दाते टाइप केलं. डी, झेड, बी आणि शेवटी नुसती एक मात्रा लटकलेली. टर्मिनल देणाऱ्यांना फोन केला, त्यांनी सांगितलं टर्मिनल ठीक आहे. कार्ड देणाऱ्यांनी सांगितलं कार्ड ठीक आहे, इंग्रजी येतंय ना? दोघांचंही खरं होतं.

मी कागदावर क्रमांक मांडायला बसलो. क म्हणजे १७९. त्यातून १२८ वजा केले तर ५१ उरतात, आणि ५१ हा इंग्रजी तीनच्या आकड्याचा क्रमांक. काना २१८, वजा १२८ म्हणजे ९०, तो झेड. म्हणजे कुठेतरी १२८ गळत होते. कॉम्प्युटरच्या भाषेत आठवा बिट.

याचं कारण जुनं आहे. इंग्रजीसाठी अमेरिकेत १९६० च्या दशकात ठरलेली आस्की ही संकेतपद्धत सात बिटांची. १२८ चिन्हं, इंग्रजीला भरपूर. आठवी जागा मोकळी, तिथे पॅरिटी बसवली. तारेवर काही बिघडलं का हे कळावं म्हणून सात बिटांतले एक मोजायचे आणि आठवा बिट असा ठेवायचा, की एकूण सम संख्या व्हावी. टेलिप्रिंटरच्या काळात हे शहाणपणाचंच होतं. युनिक्सच्या त्या तक्त्यात तीच सवय जशीच्या तशी आली होती. तक्त्यात एक शब्द असतो 'सेन'. म्हणजे शहाणी, समंजस सेटिंग. त्या समंजसपणाचा अर्थ होता अक्षराला सात बिट, वर पॅरिटी, आणि आत येणाऱ्या प्रत्येक अक्षराचा आठवा बिट कापणे. आपली सगळी अक्षरं, अ पासून ह पर्यंत, त्या आठव्या बिटावर उभी होती. इस्कीत पहिले १२८ इंग्रजीचे, वरचे सगळे आपले.

मग 'ळे' का वाचला? ळ च्या खालच्या सात बिटांत तीन एक आहेत, म्हणजे विषम. सम करण्यासाठी पॅरिटीने आठवा बिट एक केला आणि नकळत गळलेले १२८ परत आले. मात्रेचंही तसंच. क मध्ये चार एक, म्हणजे आधीच सम, तिथे आठवा बिट शून्य राहिला आणि क चा तीन झाला. इंग्रजीत हरवणारा, हिंदीत ल होणारा आपला ळ तेवढा निव्वळ योगायोगाने पडद्यावर टिकला होता. पण फाइलमध्ये तोही गेलेलाच होता. तिथे ळ च्या जागी इंग्रजी आर साठला होता.

हे महत्त्वाचं होतं. पडद्यावरचं पुसता येतं. फाइलमध्ये चुकीचं साठलं तर ते पुढची वीस वर्षं तसंच चालत राहतं.

दिवसा बरोबर, रात्री चूक

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. आधी बाहेर जाणाऱ्या तारेची पॅरिटी काढली, अक्षराला आठ बिट दिले. तर काय, होता तो 'ळे'सुद्धा गेला. पूर्ण नाव इंग्रजी झालं, तीन, झेड, आर, ए. बेन म्हणाल्या, आता तर बिचारे पूर्ण परदेशी झाले. पण मला ते बरं वाटलं, कारण आता पडदा खरं सांगत होता. फाइलमध्ये जे होतं तेच दिसत होतं. मग आत येणाऱ्या अक्षरांचा आठवा बिट कापणारी सेटिंग बंद केली. ताईंनी पुन्हा टाइप केलं. काळे. मग कळ दाबली, तेच नाव गुजरातीत. बेननी स्वतःचं आडनाव टाइप करून दोन्ही लिप्यांत बघून घेतलं.

नावं भरायला सुरुवात झाली. पण प्रिंटर एका जिस्ट टर्मिनलच्या मागे जोडलेला होता. देवनागरी छापायचं ते टर्मिनलच करू शके, साध्या प्रिंटरला आपली अक्षरं कळत नसत. लांब यादी रात्री छापायला लावली. सकाळी येऊन बघतो तर ढीगभर कागदावर पुन्हा तेच, पाच, ई, ळे. दिवसा मात्र सगळं ठीक.

कारण साधं होतं. केलेली दुरुस्ती ही माणूस लॉगिन झाल्यावर लागू होणारी होती. संध्याकाळी ताई लॉगआउट होऊन घरी गेल्या की पोर्टावर पुन्हा गेटी येऊन बसायचा, तो आपल्या तक्त्यातून सात बिट वाचायचा. रात्रीचं छपाईचं काम त्याच्या राज्यात चालायचं. म्हणून मूळ तक्त्यातली ओळच बदलली आणि कार्डाच्या आठही पोर्टांना ती दिली. कार्डाचा ड्रायव्हर पोर्ट उघडताना स्वतःची जी पहिली सेटिंग धरतो, तीही त्याच्या फाइलमध्ये आठ बिटांची केली आणि कर्नल एकदा पुन्हा बांधला. म्हणजे कुणी लॉगिन असो वा नसो, तार आठ बिटांचीच.

यात खर्च किती झाला? शून्य. हे मी कार्यकारिणीला फळ्यावर लिहून दाखवलं होतं. सात बिट अधिक पॅरिटी, किंवा आठ बिट बिनपॅरिटीचे. सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दोन्हीकडे दहाच. तारेवर वेळ तेवढाच लागतो, ९६०० बॉडला पडदा भरायला तेच दोन सेकंद. आपल्या भाषेसाठी जागा नव्हती असं नव्हतंच. जागा होती, ती दुसऱ्या कामाला लावलेली होती, आणि ती मागायला कुणी गेलं नव्हतं.

सुरुवातीच्या दिवशी चाचणीत भरलेलं एक पान नावं मोडकी साठली होती. ताई म्हणाल्या, पुन्हा भरते. पण मोडलेल्या प्रत्येक अक्षरात १२८ मिळवले की ते परत येतं, मधल्या जागा तेवढ्या सोडायच्या. दहा-बारा ओळींच्या प्रोग्रॅमने ते पान सुधारलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात यादी लागली. फलकावर शेजारी शेजारी दोन, डावीकडे मराठी, उजवीकडे गुजराती. फाइल मात्र एकच. लोक येऊन बोट फिरवत स्वतःचं नाव शोधायचे. ज्या बाईंची ठेव दुसरीकडे गेली होती, त्याही आल्या होत्या, त्या या पतपेढीच्याही सभासद होत्या. त्यांनी आपलं नाव दोनदा वाचलं आणि काकांना विचारलं, "आता पासबुकातही असंच येईल ना?" काका म्हणाले, "येईल." टर्मिनल्स परत गेली नाहीत.

पुढे काय झालं

पुढच्या चार-पाच वर्षांत अशी अनेक कामं केली. प्रत्येक ठिकाणी तक्त्यातली ती ओळ आधी बदलायची, मग बाकीचं. पावसाळ्यात वीज चमकली की तारेच्या टोकाच्या चिपा जळायच्या, त्या बदलायला सायकलवरून जायचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी नेटवर्क स्वस्त झालं, प्रत्येक काउंटरवर पीसी आला. सन २००० च्या धास्तीने जुनी यंत्रं निघाली आणि त्यांच्याबरोबर ही कार्डंही भंगारात गेली.

विंडोज आल्यावर गंमत अशी झाली, की काही संस्था मागे गेल्या. प्रत्येक फॉन्टचे क्रमांक वेगळे. एका फॉन्टमध्ये भरलेलं नाव दुसऱ्या यंत्रावर उघडलं की पुन्हा चिन्हांचा खेळ. ज्यांची नावं इस्कीत होती त्यांचं मात्र फारसं नुकसान झालं नाही. युनिकोडमधली देवनागरी अक्षरांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. त्यामुळे जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणं सरळ काम होतं. ती पतपेढी पुढे दुसऱ्या संस्थेत विलीन झाली, पण नावं आठ बिटांनिशी शाबूत तिकडे गेली. काका आता नाहीत.

आज आपण फोनवर ळ सहज लिहितो, तो कसा येतो याचा विचार करायचं कारण पडत नाही. पण आधार, पॅन, पासपोर्ट, सातबारा यांतली नावं जुळत नाहीत म्हणून आपल्यातली किती माणसं अजून खेपा घालतात, ते बघा. परमुलखात दोन-दोनशे वर्षं राहिलेल्या आपल्या घरांपाशी भाषेचा पुरावा म्हणून बहुतेक वेळा आडनावच उरतं. ते यंत्रात कसं भरलं जातं, हे कुठल्यातरी कचेरीतल्या एका सेटिंगवर ठरतं. आणि ती बदलून मागणारा एखादा काका तिथे लागतो.

तुमच्या घरी जुनी पासबुकं, लाभांशाची वॉरंटं, पतपेढीच्या छापील याद्या असतील तर टाकू नका. नाव कधी चोपड्यातून इंग्रजीत गेलं आणि कधी परत आलं, ते त्यांच्यात दिसतं. बेळगाव, हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, गोवा, तुमच्या गावात हे कसं झालं, तेही जरूर लिहा. आणि कुणाच्या माळ्यावर ते आठ तोंडांचं कार्ड पडलेलं असेल तर मला कळवा. त्याचे पांढरे स्विच कुठे ठेवायचे, ते मला अजून पाठ आहे.